सुटं की जोडून

जूनमध्ये मन्मथचं नाव काढलं शाळेतून.
अर्जात कारण लिहायला दीड इंच जागा.
घाईत लिहिलं मी, आणि रेघ अर्धीच ओढली गेली.
काउंटरमागच्या बाई म्हणाल्या,
"हे घरगुती आहे का धरगुती?"
याच शाळेनं माझ्या लेकराला
अक्षर सुधार म्हणून शंभर ओळी दिल्या होत्या,
कर्सिव्हमध्ये, अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत.

आता साडेआठला गॅस बंद केला
की स्वयंपाकघराची शाळा होते.
चौरेघी वही, दुरेघी वही,
आणि परातीत ज्वारीचं पीठ.
पिठात बोटानं आधी एस काढायचा,
मग त्याच एसची भाकरी.
(हात धुतलेले असतात.)

सोमवारी सुटी अक्षरं, मंगळवारी जोडून,
असं वेळापत्रक मी कॅलेंडरच्या मागं लिहिलं होतं.
अकराव्या दिवशी नळाला पाणी आलं
आणि मंगळवार वाहून गेला.
ड्रमवरच्या पाट्या त्यानं लिहिल्या, खडूनं, सुट्या:
पिण्याचं. वापरायचं. खारं.
सुटं लिहिता लिहिता ख इतका सुटला
की शेजारच्या पद्मीनवैनी
दोनदा वाकून वाचून गेल्या,
"रवारं? हे कुठलं पाणी गं?"
तो हसला नाही. ओल्या फडक्यानं पुसलं,
र च्या पायाला व चं पोट चिकटवलं.
"म्हंजे हे आतून जोडलेलंच असतंय.
काहून सांगितलं नाही?"

मला तरी कुणी सांगितलं होतं.
बी आणि ओ पुढच्याला वरून हात देतात, बाकीचे खालून,
हेही मला चाळिशीत कळलं, त्याच्या वहीत.
एफ वर त्याचा राग आहे.
वर जा, खाली उतर, परत वर ये,
म्हणतो, हा टाकी साफ करायला उतरलाय.
मराठीत मात्र शब्द पुरा करून
शेवटी एकदम रेघ ओढतो,
भिंती झाल्यावर पत्रा टाकावा तशी.
मी अक्षरागणिक ओढते.
कोण बरोबर, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

दुपारी खुर्शीद आपा आल्या, ब्लाउजचं माप घ्यायला.
टेप गळ्यातच ठेवून
वहीच्या मागच्या पानावर, उजवीकडून,
त्याचं नाव लिहिलं त्यांनी. हात उचललाच नाही,
नुक्ते तेवढे मागनं दिले.
"तेरा नाम सब हात पकडके चलता."
मग खाली लिहिलं उदगीर.
अलिफ एकटा उभा.
शेजारी दाल, त्याचाही हात मोकळा.
पुढचं गाव एका दमात.
"ये दोनों आगेवाले को नै जुडते.
गुस्सा नै है उनको. आदतच वैसी."

तो दालकडे बराच वेळ बघत बसला.
माप चुकलं त्या दिवशी, बाही आखूड झाली.

रात्री बापाला पत्र. बाप हैदराबादच्या रस्त्याला, ट्रकवर.
डिअर पप्पा कर्सिव्हमध्ये, आर पर्यंत ठीक,
पुढचे दोन पी सुटून उभे,
मग मराठी, मग परत जोडून एक आख्खी ओळ
जी मला लागली नाही.
लाल पेनचं टोपण उघडलं होतं मी.
त्याच पेननं मागच्या बाजूला
साबण, मुरमुरे, मेणबत्ती असं लिहिलं.
पुढच्या बाजूचा फोटो पाठवला.

उत्तर आलं पहाटे, टोलच्या पावतीवर लिहिलेलं, त्याचाही फोटो.
नंबरप्लेटसारखी अक्षरं, मोठी मोठी,
रेघ मात्र एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मध्ये कुठंच न तुटलेली.
मन्मथनं बोट ठेवून वाचलं.
"सगळं लागलं. शनिवारी मेटू.
आई, मेटू म्हंजे काय?"

मी पावती जवळ घेतली.
भ ला तेवढं वर उघडं ठेवायचं असतं,
तेच राहिलं होतं.